ओळीतली शेवटची

लवंगेचा वास आला की मला आधी सावंत मॅडम आठवतात आणि मग लवंग. त्यांच्या दाढेत ती कायम असे. मुलुंडच्या त्या पत्र्याखालच्या क्लासमध्ये, तापलेल्या दुपारी, त्यांचा प्रत्येक शब्द त्या झणझणीत वासात भिजून येई, आणि हातातलं जाड कडं फळ्यावर आपटून त्या वाक्य संपवत.

पेशी ऊर्जा कशी मिळवते, हे त्या आम्हाला ओळीत उभं करून शिकवत. आम्ही प्रथिनं, हातोहात सरकणारं लिंबू म्हणजे अन्नातून सुटलेला इलेक्ट्रॉन. हात बदलताना तो थोडी थोडी ऊर्जा सांडतो, तिच्या जोरावर प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, आणि परतीच्या ओढीने तेच प्रोटॉन एक इवलं चाक फिरवतात, ज्यावर आपलं सगळं जगणं चालतं. हे सांगताना त्यांचा आवाज असा उजळे की द्वेष करणंही अवघड जाई. मी ते जमवलं.

कारण मी नेहमी शेवटी. इलेक्ट्रॉन घेऊन साखळी संपवणारा ऑक्सिजन. आणि इंग्रजी शाळेतून आलेली म्हणून मॅडमच्या तोंडी माझं नाव 'कॉन्व्हेंट'.

"कॉन्व्हेंट, तू तिथेच बरी. बोलायचं नाही, फक्त घ्यायचं."

मला एकदाच मधल्या जागेवर उभं राहायचं होतं. धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "मोठ्याने बोल गो बाय, निदान मुंगीला तरी ऐकू जाऊ दे." वर्ग हसला.

त्या दिवशी लिंबू माझ्यापाशी आलं आणि मी हात पाठीमागे घेऊन भिंतीला टेकले.

"घे ना यार," शेजारची कुजबुजली. मी घेतलं नाही. मागून दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येक हातात एकेक लिंबू अडकलं आणि ओळ थिजली. माझं पहिलं बंड, आवाजाशिवायचं.

मॅडमनी टाळी वाजवली. "झकास. बघा रे, ऑक्सिजन हटला की सगळं असं तुंबतं. पेशी मेली. आता ये गं जागेवर."

माझ्या बंडाचंही त्यांनी उदाहरण केलं. आणि मी जागेवर गेले.

आता त्या क्लासच्या जागी मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. मॅडम गेल्याचं क्लासच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, तेव्हा खाली जोडलेल्या हातांत माझे हात नव्हते, आजही नाहीत. पण प्रत्येक श्वासाच्या तळाशी ती ओळ उभी आहे, लिंबू सरकतं आहे, आणि ते घ्यायला शेवटी मीच आहे. ज्यांना विसरायचं तर श्वासच थांबवावा लागेल, त्या मॅडमना काळाने नेलं असं तरी कसं म्हणायचं.