मागून दिसतं ते

वहिनीने हॉर्नवर तळहात दाबला आणि तसाच धरून ठेवला. पुढे चाललेली मोटारसायकल दचकल्यासारखी उजवीकडे वळली, चिखलात तिचं मागचं चाक भेलकांडलं आणि ती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. रस्त्याची डावी कड पावसाने खाल्ली होती. तिथे भगदाड पडलं होतं आणि त्याच्या तोंडाशी कुणीतरी लाल फडकं बांधलेली काठी रोवली होती. आधी गेलेल्या सगळ्या गाड्यांनी काठीला वळसा घातल्याच्या खुणा चिखलात दिसत होत्या. बेकरीवाले काका मात्र सरळ तिच्यावरच चालले होते.

"झोपले होते की काय हे?" शेजारी बसलेला दीर म्हणाला.

हॉर्न थांबला तरी वहिनीचा हात तिथेच होता.

मोटारसायकलींची ही रॅली डोंगरातून कितीतरी दिवस चालायची आणि ती वहिनीच्या घरानेच उभी केली होती. सगळ्यात पुढे नवऱ्याची जीप. सगळ्यात मागे वहिनीचा ट्रक, त्यात सुटे भाग, औषधांची पेटी आणि कुठलीही गाडी रस्त्यात खोलून बसणारा मेकॅनिक दीर. कुणी घसरलं, कुणाची गाडी बसली, तर उचलून आणायचं काम त्यांचं. ट्रकमध्ये बसायला कुणालाच आवडत नसे. चालवणारे त्याला 'सासर' म्हणत, कारण तिथे हसत हसत कुणी जात नाही.

निघाल्यापासून सगळ्यात शेवटी काकाच असत. त्यामुळे पावसात पुसट होणारा त्यांचा तांबडा दिवा दिवसभर वहिनीच्या काचेसमोर असायचा. दीर वैतागायचा. आपण मुक्कामाला पोचेपर्यंत जेवण गार होतं, म्हणायचा. वहिनीला मात्र काकांचा राग येत नसे. सकाळी निघताना ते घरून आणलेल्या बिस्किटांचा डबा तिच्या खिडकीतून आत सरकवत आणि म्हणत, "आज तुला लवकर पोचवतो, बघच." आणि पुन्हा मागे पडत.

पण मागून चालणाऱ्याला पुढच्याचं बरंच काही दिसतं. काल एक कुत्रं डावीकडून रस्त्यात आलं तेव्हा काकांनी ब्रेक लावला तो ते चाकाशी आल्यावर. त्याआधी एका पुलाच्या डाव्या कठड्याला त्यांचा आरसा घासला होता. उजवीकडचं सगळं ते लांबूनच चुकवायचे. वहिनीने हे पावसावर ढकललं होतं, हेल्मेटच्या काचेवर ढकललं होतं. आता मात्र कशावर ढकलावं ते तिला कळेना.

तिने ट्रक कडेला लावला. "भावजी, थर्मास द्या."

"आत्ता चहा? आधीच किती उशीर..."

"द्या हो."

काका हेल्मेट काढून गाडीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक पडला होता, तरी हसले. "वाचवलंस बाई. ती काठी कुठून आली कोण जाणे!"

वहिनीने चहा ओतला. त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहून तिने कप पुढे केला. वाफ त्यांच्या गालापर्यंत जात होती. काका समोरच्या धुक्याकडे बघत हातमोजे पिळत राहिले.

"चहाचा वास येतोय," ते म्हणाले. "आणलायस का?"

दीर ट्रकमधून उतरला होता तो जागच्या जागी थांबला. वहिनी दोन पावलं पुढे आली, तेव्हा काकांना कप दिसला.

"काका, मी कुठे उभी होते आत्ता?"

"म्हणजे?"

"तुमच्या शेजारीच होते. कप तुमच्या गालाशी होता."

काकांनी चहाचा घोट घेतला. मग मान डावीकडे पूर्ण वळवली, पुन्हा समोर आणली, आणि एक डोळा झाकला. मग दुसरा. उजवा हाताखाली झाकला तेव्हा ते बराच वेळ तसेच उभे राहिले. पाऊस कपात पडत होता.

"भट्टीच्या दाराला सारखा खांदा लागतो," ते अखेर म्हणाले. "किती महिने झाले. निघायच्या आधी ट्रे पाडला. बायको म्हणते, चालताना तुमचं लक्ष कुठे असतं?" हसायला गेले, पण हसू ओठांवरच राहिलं. "मला वाटलं, वय झालं."

"मुक्कामाच्या गावात दवाखाना आहे. डोळे दाखवून घेऊ," वहिनी म्हणाली. "पण तिथवर गाडी चालवायची नाही काका. पुढे सगळा घाट आहे आणि दरी डाव्या बाजूला."

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडीच्या टाकीवरचा चिखल ते अंगठ्याने पुसत होते. टाकी स्वच्छ झाली तरी अंगठा फिरतच राहिला.

"वर्षभर एक सुट्टी घेतली नाही मी," ते म्हणाले. "यासाठी."

वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आता उजव्या बाजूला.

दीर जवळ आला. निघाल्यापासून काकांच्या नावाने बोटं मोडणारा हा माणूस एकदम हळू आवाजात बोलू लागला. "हे बघा काका, मी कळवतो की क्लच गेला. गाडी बिघडली तर माणूस बाद होत नाही, उद्या पुन्हा उभा राहू शकतो. बाकीचं आपण तिघं रात्री बघू. उद्या काही कारण काढून घरी निघालात तरी डोळ्यांचं कुणाला कळायचं नाही."

वहिनीला माहीत होतं, हे बरोबर नाही. पण काकांचा तो फिरणारा अंगठा बघून तिने दिराला अडवलंही नाही.

तेवढ्यात ट्रकमधला वायरलेस खरखरला. तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "मागची गाडी, कुठे आहात? सगळे पोचले. काका कुठे?"

वहिनीने आत वाकून माईक घेतला. बटण दाबलं. मग पुन्हा सोडलं.

"ऐकू येतंय का? काकांची गाडी बिघडली का?"

दीर तिच्याकडे बघत होता. काका जवळ आले, त्यांनी कप ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि हात पुढे केला. तिने माईक त्यांच्या उजव्या हातात दिला.

"गाडी उत्तम आहे," काका म्हणाले. आवाज रोजच्यासारखाच होता, भट्टीवरून गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखा. "मला डावीकडचं दिसत नाही. आज खड्ड्यात जात होतो, वहिनीने वाचवलं. माझं नाव काढून टाका. आणि तुमच्या भावाला ओरडू नका, तो माझ्यासाठी खोटं बोलायला निघाला होता."

"बरं काका," पलीकडून नवरा म्हणाला. "तुमचं जेवण झाकून ठेवतो."

दिराने एकट्यानेच फळी लावून गाडी वर चढवली, पट्ट्यांनी आवळली, आणि मागे गाडीजवळ जाऊन बसला. पुढची जागा त्याने काकांसाठी सोडली होती. काका आत चढले. ओल्या जाकिटातून पाणी सीटवर निथळत होतं.

ट्रक निघाला. बराच वेळ काका समोर बघत राहिले. मग एका वळणावर त्यांनी मान पूर्ण डावीकडे फिरवली. खाली, फार खाली, धुक्याच्या फटीतून एक नदी रस्त्याच्या बरोबरीने चालली होती. हिरव्यागार उतारांवरून पांढऱ्या धारा तिच्यात उतरत होत्या.

"ही केव्हापासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारपासून," वहिनी म्हणाली.

काकांनी खिडकीची काच खाली केली. पाऊस आत यायला लागला. वहिनीने गियर उतरवला आणि ट्रक अगदी सावकाश घेतला.