कानपिळी

लग्नाच्या दिवशी शेताला पाणी कोण भरतं? मखमलाबादच्या मळेकऱ्यांत तरी कोणी नाही. त्यामुळे शालू नेसून आतल्या खोलीत बसलेल्या सुवर्णाला विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आला, तेव्हा तिने हातातला आरसा खाली ठेवला.

"आई, मोटार कोणी लावली?"

ठमाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि लेकीच्या मुंडावळ्या सारख्या करू लागली.

"आई, समाधान कुठंय?"

समाधान सुवर्णाच्या पाठचा भाऊ, विशीतला. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या दुखण्याला ऑटिझम असं नाव दिलं होतं. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. भाऊबंदांना तो शब्द उच्चारायलाही जमत नसे, म्हणून त्यांनी आपापली नावं ठेवली होती आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. समाधान बोलत नसे. गर्दी त्याला सोसत नसे. मोटारीची घरघर ऐकत मात्र तो तासन्‌तास शांत बसे, आणि फारच बिथरला की सुवर्णाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत राही. अगदी लहानपणापासून. सुवर्णाचा एक कान दुसऱ्यापेक्षा लोंबतो असं शाळेतल्या पोरी चिडवायच्या, आणि ते खरं होतं.

"मोटारीच्या खोलीत हाय," ठमाबाई शेवटी म्हणाली. "त्याला बरं वाटतं गं तिथं. वऱ्हाड गेलं का काढू बाहेर."

"कडी लावली?"

ठमाबाई पुन्हा मुंडावळ्यांकडे वळली. म्हणजे लावली होती.

हा सगळा बेत कारभारी तात्यांचा. सुवर्णाचे वडील गेल्यापासून घरात या चुलत्याचा शब्द चालायचा. स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा जीवन, अंबडच्या कारखान्यात पर्मनंट. पाहुणे बघायला आले तेव्हा तात्यांनी बिनदिक्कत ठोकून दिलं, "मुलगी एकुलती एक. भाऊ म्हणाल तर आमचा वाल्मिक सख्ख्यासारखाच हाय. कानपिळी तोच करील." लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि मानाचा पोशाख घ्यायचा, अशी ही रीत. सुवर्णाला तेव्हाच तोंड उघडायचं होतं. पण आईने नजरेनेच हात जोडले आणि ती गप्प बसली. पुढे जीवनशी चार शब्द बोलायची संधी तिला कोणी दिलीच नाही.

सुवर्णा काही देवी नव्हती. समाधानने तिची बारावीची पुस्तकं हौदात बुडवली, तेव्हा तिने त्याला चांगला बदडला होता. हा नसता तर, असं तिच्या मनात कितीदा तरी आलं होतं आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. कॉलेजची सहल, मैत्रिणीची हळद, सगळं "समाधानला कोण बघंल?" या एका प्रश्नापाशी अडलं. येणारा-जाणारा विचारायचा, समाधान कसा हाय? सुवर्णा कशी आहे, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं त्याचं करायला ती बहीण होती. आणि आज त्याने तिचा भाऊ म्हणून उभं राहायचं, तर त्याला कडी! सुवर्णाच्या डोक्यात तिडीक गेली.

"मी बोहल्यावर चढत नाय," ती म्हणाली.

तात्या धावत आले. "मुहूर्त टळून राहिला, अन् हा काय तमाशा?"

"समाधानला आणा. कानपिळी तो करील."

"अगं, लोकांनी पाह्यलं तर लग्न मोडंल!"

"मोडू द्या. तात्या, तुम्हाला माझ्या लग्नाची काळजी हाय का तुमच्या इज्जतीची?"

तात्यांचा हात उठता उठता राहिला. दारात त्यांचा मुलगा वाल्मिक उभा होता. त्याने डोक्यावरचा फेटा काढून खुंटीला अडकवला आणि विहिरीकडे निघाला.

नवरीला मामाने हाताला धरून मांडवात आणायचं असतं. सुवर्णा मामाची वाट न बघता एकटीच गेली. मधला अंतरपाट तिने हाताने खाली ओढला. गुरुजींच्या तोंडातला श्लोक तिथंच थांबला.

"मला सख्खा भाऊ हाय," ती जीवनला म्हणाली, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात. "त्याला ऑटिझम हाय. बोलत नाय, गर्दीला भितो. तुमच्यापासून लपवला."

जीवनची आई कुसाबाई ताडकन उठली. "फसवलं आम्हाला!"

"हो, फसवलं. म्हणून अक्षता पडायच्या आधी सांगते. परत जायचं तर गाड्या दारातच हायेत. थांबायचं तर तो या मांडवात येईल, अन् माझ्या घरीबी येईल." मग ती आईकडे वळली. "अन् आज त्याला मी सांभाळणार नाय. दुसरं कोणीतरी सांभाळा. आज मी नवरी हाय."

ठमाबाईचे डोळे भरून आले. "मी बघते त्याला," ती हळूच म्हणाली.

जीवन घाबरला होता, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "मारतो का?" त्याने विचारलं.

"नाय. बँड वाजला तर ओरडंल."

जीवनने आईकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. शेवटी तो बँडवाल्यांकडे वळला. "बँड बंद ठेवा," तो म्हणाला. कुसाबाई धपकन खाली बसली.

तिकडे विहिरीवरची मोटार बंद झाली. थोड्या वेळाने दोन्ही कानांवर हात घेतलेला समाधान वाल्मिकच्या मागून आला आणि ठमाबाईने त्याला जवळ घेतलं. बिनबँडाचं लग्न लागलं. लोकांनी अक्षता टाकल्या त्याही दबकत.

कानपिळीची वेळ आली. समाधानने पुढे येऊन सवयीने सुवर्णाचाच कान धरला. कोणीतरी फिदीफिदी हसलं. "अहो, नवरदेवाचा!" गुरुजी म्हणाले. सुवर्णाने त्याची बोटं हळूच सोडवली आणि नेऊन जीवनच्या कानावर ठेवली. समाधानने ती नवी पाळी चाचपली, जरा विचार केला आणि चोळू लागला. काठीसारखा ताठ बसलेला जीवन हळूहळू सैल झाला.

मानाचा पोशाख पुढे आला, तरी समाधान कान सोडीना. पोशाखाकडे त्याने बघितलंही नाही.

"नुसता धरूनच बसला हा," कुसाबाई फणकारली. "एकदाचा पिळ म्हणावं अन् सोड माझ्या पोराला."

"आज राहू द्या, आत्याबाई," सुवर्णा म्हणाली. "पिळायची वेळ आली, तर मीच सांगंन त्याला."