थोरलीचे डोळे

माझी बायको दिवसभर परक्या लोकांशी गोड बोलते आणि ती बोलताना ओठ मी हलवतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण आम्हा दोघांची नोकरीच तशी आहे.

एका व्हिडिओ गेममधलं रान जसंच्या तसं उभारलेल्या बागेत आम्ही काम करतो. सिमेंटचे डोंगर, रंगवलेलं शेवाळ, पाइपातून सोडलेलं धुकं. येणाऱ्याच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. त्यात त्याने स्वतःला घेतलेलं खेळातलं नाव असतं. पट्टा दगडाला टेकवला की दगड बोलतो, पुलाला टेकवला की पूल हलतो, आणि रानाच्या मधोमध असलेल्या झाडाच्या मुळाला टेकवला की झाड डोळे उघडून विचारतं, 'आलास का रे?' या झाडाचं नाव थोरली. खेळात ती शेकडो वर्षांची आहे. वाटा तिलाच ठाऊक, म्हणून सगळे तिच्यापाशी येतात आणि ती प्रत्येकाला काहीतरी कामगिरी देते.

थोरलीचा आवाज म्हणजे माझी बायको. माहेरी ती शेंडेफळ, इथे थोरली. झाडामागच्या भिंतीपलीकडे तिची आवाजबंद खोली आहे. तिथे तिला पडद्यावर समोरच्या माणसाचं खेळातलं नाव दिसतं आणि वर फांदीत बसवलेल्या कॅमेऱ्यातून माणूस दिसतो, म्हणजे खरं तर त्याचं डोकंच दिसतं. मी झाडाच्या पोटात बसतो. हातात ओठांचे दांडे, पायाखाली पापण्यांचं पेडल. लोकांना ऐकू येतो तो यंत्रातून जाड झालेला, म्हातारा आवाज. ओठ जुळवायचे म्हणून माझ्या कानात मात्र तिचा खराखुरा आवाज येतो. मी तिला ऐकतो, ती मला ऐकू शकत नाही. घरी याच्या उलट असतं असं ती म्हणते, पण ते सोडा.

एक नियम आहे. खेळात थोरलीला मधूनच झोप लागते आणि डोळे मिटले की ती बोलत नाही. बागेतही तेच. तिच्या टेबलावर एक बटण आहे. तिला पाणी प्यायचं असलं, घसा दुखला, तर तिने ते दाबायचं. माझ्यासमोर निळा दिवा लागतो, मी पेडल दाबतो, पापण्या मिटतात आणि तिचा माइक आपोआप बंद होतो. बाईने इतक्या दिवसांत ते बटण एकदाही दाबलेलं नाही. तहान लागली तरी बोलत राहते.

आणि घरी? घरी 'कुकर बंद करा', 'दाराला कडी घाला', संपलं. आता मी काही गप्पिष्ट माणूस नाही, हे कबूल. मला फाफटपसारा खपत नाही. ती एखादी गोष्ट सांगायला लागली की आधी हवा कशी होती, मग रस्त्यात कोण भेटलं, मग त्या भेटलेल्या माणसाची सून, असं करत करत येते. मी म्हणतो, 'मुद्द्याचं बोल.' यंत्रं दुरुस्त करणारा माणूस मी, बिघाड कुठे आहे तेवढं सांगा. हळूहळू ती मुद्द्याचंच बोलायला लागली, आणि मुद्दे घरात असतात तरी किती!

तरी मी हे सगळं चालवून घेतलं असतं. पोरासोरांना ती 'माझ्या शूरा' म्हणाली तर म्हणो. पण मग निवांत आला.

'निवांत' हे त्याचं खेळातलं नाव. माणूस पन्नाशीचा, चष्म्याचं दुकान चालवणारा. दुपारी दुकान बंद ठेवायचा आणि वर्षभराचा पास काढून थेट थोरलीसमोर हजर. बाकीचे लोक कामगिरी घेतात आणि पळतात. हा कामगिरी घ्यायचा आणि तिथेच उभा. मागच्या लोकांना पुढे जाऊ द्यायचा, पुन्हा रांगेच्या शेवटी लागायचा, पुन्हा येऊन उभा. काय बोलायचा म्हणाल तर काही नाही! आज एक गिऱ्हाईक डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा हरवला म्हणून आलं. आज दुकानाच्या पाटीवर चिमणी बसली होती. आणि माझी बायको हसायची. माझ्या कानात हसायची. ते हसू मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. मधे एक श्वास थांबतो आणि मग फुटतं, तेच ते. आणि त्या हसण्याला ओठ कोण देतंय? मी. माझ्याच हातांनी.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सरळ सांगतो, मी जळत होतो. चष्मेवाल्यावर जळत होतो, त्याच्या दुकानावरच्या चिमणीवर जळत होतो.

त्यात एक दिवस कहर झाला. थोरली सगळ्यांना अरे-तुरे करते, कलेक्टर आला तरी. तो तिचा मानच आहे. निवांत मधे काही दिवस आला नव्हता. त्या दुपारी त्याने पट्टा टेकवला आणि माझ्या कानात आवाज आला, "अहो, होतात कुठे?"

अहो! माझ्या घरात हा शब्द माझा आहे. तो चुकून तोंडातून गेला असेल, सवयीने गेला असेल, मला काही सुचलं नाही. माझा पाय पेडलवर गेला आणि मी दाबलं.

पापण्या मिटल्या. तिला गप्प बसावंच लागलं. लोक म्हणाले, "अरेरे, झोपली." निवांत मात्र हलला नाही. मुळाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. मी खोडातल्या फटीतून त्याच्याकडे बघत होतो आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुखऱ्या दाढेला लवंगेचं तेल लागावं आणि ठणका थांबावा, तसं.

मग काय, चटकच लागली. निवांत आला की थोरलीला झोप आलीच. तो वाट पाहत राहायचा. पुढे पुढे तर त्याची चाहूल लागली तरी मी डोळे मिटून टाकायचो.

"डोळ्यांची मोटार बिघडली आहे का हो?" एका संध्याकाळी जेवताना बायकोने विचारलं.

"जुनी झालीय. तापते."

"नेमकी दुपारीच तापते?"

"दुपारी ऊन असतं," मी म्हणालो.

"झाडाच्या पोटात ऊन?" ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाजी वाढली. चोराच्या मनात चांदणं, मला ती भाजी गिळवेना.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. लोकांच्या तक्रारी गेल्या. मुलं लांबून येतात आणि झाड झोपलेलं! बागेची साहेबीण, जिला सगळे मागून मालकीणबाई म्हणतात, तिने आम्हा दोघांना बोलावलं. साहेबीण वाईट नाही, पण तिला वेळ नसतो.

"डोळे मिटले की आवाज बंद, त्यामुळे सगळंच अडतं," ती म्हणाली. "नवीन मोटार येईपर्यंत थांबणं परवडणार नाही. पुढच्या महिन्यापासून आपण ध्वनिमुद्रित आवाज लावू. ठरावीक वीस वाक्यं. ओठ, डोळे, सगळं आपोआप चालेल."

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तुम्ही फाटकावर. 'कृपया रांगेत उभे राहा', 'पट्टा घट्ट बांधा' वगैरे. तुमचा आवाज स्पष्ट आहे."

त्या वेळी मनात काय आलं तेही सांगून टाकतो: देव पावला. निवांताचा काटा निघाला. फाटकावर कुणी चिमणीच्या गोष्टी सांगत नाही.

घरी येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "बरंच झालं की. घशाला आराम."

ती म्हणाली, "हं."

त्या आठवड्यात ती घरी 'कुकर बंद करा' एवढंसुद्धा बोलेना. स्वतः उठून बंद करायची. बिछान्यात पाठ करून झोपायची. मला वाटलं होतं की तिथलं बोलणं थांबलं की उरलेलं घरी येईल. टाकीचा एक नळ बंद केला की दुसऱ्याला जोर येतो, हा माझा हिशेब. पण टाकीच आटत चालली होती आणि ते मला दिसत होतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझी सुट्टी आली. माझ्या जागी बदली मेकॅनिक बसणार होता. मी डॉक्टरकडे जातो म्हणून सांगितलं, भाच्याचा पट्टा आणला, डोक्यावर टोपी चढवली आणि गिऱ्हाइकासारखा फाटकातून आत गेलो. टोपी अशासाठी की माझं टक्कल तिला पाठ आहे. मला एकदा, एकदाच बघायचं होतं, की समोर उभं राहिलं की तिला लोकांशी बोलायला एवढं काय सापडतं.

रांगेत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी थोरलीला समोरून पाहिलं. पोटातून फक्त स्प्रिंगा आणि तारा दिसतात. समोरून ती खरंच कुणीतरी मोठी बाई वाटत होती. माझ्या पुढे एक लहान मुलगी होती. तिने विचारलं, "तुला थंडी वाजते का?" थोरली म्हणाली, "वाजते ना गं. पण तुझ्यासारख्या कुणी हात लावला की जाते." मुलगी मुळाला मिठी मारून बसली. यात मुद्दा काहीच नव्हता. तरी मी कान देऊन ऐकत राहिलो.

माझी पाळी आली. पट्टा टेकवला.

"आलास का रे?" जाड, म्हातारा आवाज. यात माझ्या बायकोचं काहीच ओळखू येत नव्हतं. "बोल. काय हवंय?"

मी आवाज बदलून, घोगरा काढून म्हणालो, "वाट चुकलोय."

मग थोरली म्हणाली, "गळा बसलाय वाटतं तुझा. पंखा मोठा करून झोपतोस का?"

मागची माणसं हसली. माझी कानशिलं तापली. मी पंखा मोठा करून झोपतो हे तिलाच ठाऊक; ओळखलं होतं तिने. टोपीबिपी सगळं फुकट. आता घोगरा आवाज कशाला काढायचा?

"घरी का नाही असं बोलत?" मी म्हणालो. "इथे सगळ्यांशी बोलतेस. त्या चष्मेवाल्याशी बोलतेस. मलाच का नाही?"

मागची रांग ऐकत होती. कुणाला तरी वाटलं असेल की हा खेळाचाच भाग आहे. थोरलीचे डोळे माझ्यावर होते. बदलीवाल्या मेकॅनिकने बुबुळं छान स्थिर धरली होती, माझ्यापेक्षा छान.

"तुला एक कामगिरी देते," थोरली म्हणाली. "माझ्यावर अवेळी झोप कोण घालतं, त्याला शोध. शोध आणि रानाच्या मालकिणीसमोर उभा कर. तोवर मला तुझ्याशी बोलायचं नाही."

मुळातून उजेड आला, माझ्या मनगटावरचा पट्टा हिरवा झाला; प्रत्येक कामगिरीचा रंग वेगळा असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि थोरलीचे डोळे मिटले.

बटण. जे बटण तिने तहानेने कोरड पडली तरी दाबलं नव्हतं, ते तिने माझ्यासाठी दाबलं होतं.

"झोपली," म्हणत रांग पांगली. मुलगीसुद्धा आईचं बोट धरून पुलाकडे गेली. मी तिथेच उभा राहिलो. मिटलेल्या पापण्या बाहेरून कशा दिसतात तेही मी पहिल्यांदाच पाहत होतो. रबराला मीच ग्रीस लावतो, डाव्या पापणीची शिवण मीच घातलीय. तरी त्या समोरून बंद झाल्या की काय होतं ते मला माहीत नव्हतं.

"थांबा. उघडतात डोळे," शेजारून कुणीतरी म्हणालं.

निवांत होता. हाताची घडी, तेच ते शांत तोंड. त्याने मला ओळखायचं काही कारण नव्हतं. तो मला ओळखतच नव्हता.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"ते काही सांगता येत नाही. लोक कंटाळून जातात हो. मी थांबतो. मला बोलायला सुरुवात करायलाच वेळ लागतो, तिने कधी घाई केली नाही. मग तिच्यासाठी थांबायला माझं काय जातं?" त्याने माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि एकदम खूश झाला. "अरे, हिरवा! तुम्हालाही तीच कामगिरी? झोप घालणाऱ्याला शोधायची?"

त्याने बाही वर केली. त्याच्या पट्ट्यावरही हिरवा उजेड होता.

"मला कधीची दिलीय," तो म्हणाला. माझ्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी दिली असणार, मी ती ऐकली नव्हती. "अख्खं रान पालथं घातलं. गुहा बघितली, पुलाखाली बघितलं. सापडतच नाही लेकाचा. तुम्ही मिळून शोधता का? दोघं असलो तर लवकर सापडेल."

मला त्याचा राग यायला हवा होता. सवयीने मी शोधलाही, पण हाताला लागला नाही. कितीतरी दुपारी हा भला माणूस माझ्या पायाखालच्या पेडलसमोर उभा राहून मला पुलाखाली शोधत होता.

मी टोपी काढली. फांदीतला कॅमेरा नेमका कुठे आहे ते मला ठाऊक होतं. त्याच्या बरोबर खाली गेलो आणि डोकं जरा वाकवलं, तिला नीट दिसावं म्हणून.

"सापडला तो," मी झाडाकडे बघून मोठ्याने म्हणालो. "आजच मालकीणबाईसमोर उभा करतो. मोटार ठणठणीत आहे म्हणून सांगतो."

पापण्या मिटलेल्याच होत्या.

"सापडला?" निवांत उडालाच. "कोण आहे? कुठे होता?"

"सांगतो," मी म्हणालो. "आधी हिला डोळे उघडू दे."

"मग थांबावं लागेल."

"थांबू," मी म्हणालो, आणि त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिलो.