मरुदमुत्तू अण्णांचा फोटो

"फोटो कशाला? ग्राइंडरचं चित्र टाकू की," छापखान्याचा सेल्वराज पुन्हा म्हणाला.

"माझाच पाहिजे. आणि मोठा," मरुदमुत्तू अण्णा म्हणाले.

"अण्णा, एका रंगात छापायचं म्हणताय, त्यात नुसतं तोंडच तोंड. लोक काय समजतील?"

"काय समजायचं ते समजू देत. धंदा माझा, तोंड माझं."

सेल्वराजने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. अण्णा एकदा अडून बसले की बसले, हे कोइंबतूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी मूळचा विट्याकडचा. इथे येऊन सोनं गाळायचं दुकान टाकलं आणि इथेच मुरलो; गल्ली मला 'सेट' म्हणते. अण्णांची खोली माझ्या दुकानासमोर. इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना छिन्नीने टाकी लावायची, हे त्यांचं काम. आता जो तो कोपऱ्यावरून तयार पिठाची पिशवी आणतो. धंदा बसला, म्हणून पत्रकं काढतोय, असं ते सांगत.

पण निम्मी पत्रकं घेऊन ते बसने तिरुप्पूरला गेले आणि तिथल्या भिंतींवर चिकटवून आले. तिरुप्पूरहून इतक्या लांब दगड घेऊन कोण येणार? मी त्यांच्या बायकोला विचारलं. सेल्लम्माक्का पदराने डोळे टिपत म्हणाली, "तिथं पूंगोडी आहे ना, सेट."

पूंगोडी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिने तिरुप्पूरच्या बनियन कंपनीतल्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा अण्णांनी तिचा शाळेतला फोटो घालून श्रद्धांजलीचं पत्रक छापलं, गल्लीभर लावलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं. जित्या पोरीचं मर्तिक. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण नंतर हा माणूस संध्याकाळी दुकान बंद करून फोन हातात धरून नुसता बसायचा, तेही मी पाहिलं आहे. ज्या तोंडाने तिला मेली म्हटलं, त्याच तोंडाने 'कशी आहेस' असं विचारायचं कसं? म्हणून त्यांनी तोंडच तिकडे पाठवलं होतं.

आपल्याकडे वाढदिवसालाही चौकात फोटो टांगतात. इथे भिंतीवर एकट्या माणसाचा काळापांढरा फोटो दिसला की तो गेला, असंच लोक धरून चालतात. जाता जाता हात जोडतात, खालची अक्षरं कोणी वाचत नाही. सेल्वराजला हेच सांगायचं होतं, पण अशुभ बोलायला त्याची जीभ रेटली नाही.

काही दिवसांनी सकाळी मी अण्णांच्या ओट्यावर चहा पीत होतो. फोन वाजला. त्यांचे हात दगडाच्या भुकटीने भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानेच स्पीकर लावला.

"मी पूंगोडीचा नवरा," पलीकडचा मुलगा घाईघाईने बोलत होता. "कंपनीच्या गाडीतनं तिनं भिंतीवरचा फोटो बघितला. उतरली ती थेट बसस्टँडलाच गेली, रडत. कोण बोलतंय? घरातलंच कुणी का?"

अण्णा फोनवर वाकले.

"ती येईपर्यंत उचलू नका, एवढंच सांगायचं होतं. एकदा तोंड बघू द्या तिला."

मी हाताने खुणावलं, सांगा, सांगा. अण्णांनी छिन्नी खाली ठेवली.

"नाही उचलत," ते म्हणाले. "येऊ दे तिला." आणि फोन बंद केला.

"अण्णा, हे काय केलंत?"

"जिता आहे म्हटलं असतं, तर अर्ध्या वाटेत उतरली असती, सेट."

आतून अक्काने सगळं ऐकलं होतं. "पोर ऊर बडवत येतीय, लाज नाही वाटत तुम्हाला?"

"येतीय ना पण," अण्णा म्हणाले.

अक्काने त्यांना शिव्या घालत घालतच भात टाकला, पूंगोडीच्या आवडीचं वांगं शिजवलं. अण्णांनी दाढी केली, धुतलेली वेष्टी नेसली आणि ओट्यावर येऊन बसले. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते.

गल्लीत आधी तिचं रडणं आलं. "अप्पा, माझ्या अप्पा..." मग ती दिसली. केस सुटलेले, हातात शेवंतीचा हार. इथे मयताच्या दारात असतो तसा मांडव नव्हता, ढोल नव्हता, घरातून फोडणीचा वास येत होता. ओट्यावर बाप बसलेला पाहूनही तिचं रडणं लगेच थांबलं नाही. थोडा वेळ तसंच चालू राहिलं आणि मग आटलं.

"ये पोरी," अण्णा उठत म्हणाले. "ते धंद्याचं पत्रक होतं."

"फोनवर कोण होतं?"

"मीच."

"तुम्हीच," ती म्हणाली. "मी सगळी वाट रडत आले, अप्पा. बसमधल्या बायका मला धरून बसल्या होत्या."

"मला वाटलं, तशी तू येणार नाहीस."

"बोलावलं कधी होतं? तुम्ही माझा फोटो लावलात, तेव्हा मी पण जितीच होते."

अण्णांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. मला ऐकू आलं. तिच्यापर्यंत पोहोचलं की नाही, कोण जाणे.

अक्का तिला जेवायला ओढत होती. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. आईचा हात धरून पायरीवर बसली, पाणी प्याली. मग हार ओट्यावर ठेवला, गल्लीतल्या नळावर तोंड धुतलं, केस बांधले आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागली.

इकडेही आपल्यासारखंच आहे. निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'जाऊन येते' म्हणतात. फक्त मर्तिकाच्या घरातून काही न बोलता निघायचं असतं.

अण्णा ओट्याच्या कडेला येऊन उभे राहिले. पूंगोडी कोपऱ्यापर्यंत गेली. मागे न बघता वळली.

"म्हणायला विसरली असंल," अण्णा मला म्हणाले. "घाईत होती."