ओला उंबरा

रुसा गेल्याचे कळले तेव्हा मी वरच्या झऱ्याखाली भरत होते. तिचा नवरा मिंचो शेजारच्या दगडावर बसून मी भरण्याची वाट पाहत होता. तेवढ्यात त्याचा शेजारी वल्को धापा टाकत चढ चढून आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती. भर थंडीत टोपी काढून येणारा माणूस चांगली बातमी आणत नाही, म्हणून मला लगेच संशय आला. मिंचोचा फोन घरी राहिला होता, त्यामुळे त्याच्या मुलीने वल्कोला फोन केला होता. शहरातल्या इस्पितळात पहाटे रुसाचा श्वास थांबला होता. मिंचो "बरं" एवढेच म्हणाला. मी काठोकाठ भरले, वाहू लागले, पाणी त्याच्या बुटांत शिरले, तरी त्याने मला उचलले नाही. शेवटी वल्कोनेच मला घरी आणले.

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी कळशी आहे. त्रोयान शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले आणि उचलायला वर लोखंडी कडी बसवली. रुसाच्या आईने मला घेताना उन्हात धरून भोक शोधले. तांबटाने शपथ घेतली, तरी ती हलली नाही. त्याच्या दुकानात मला पाण्याने भरून ठेवून, बुडाखाली कोरडा कागद घालून, ती बराच वेळ बसून राहिली. माझा स्वभाव संशयी आहे. तो मला त्या बाईकडून आला असावा.

लग्नानंतर मी रुसाबरोबर या डोंगरातल्या गावात आले. पुढे घरात नळ आला, तरी रुसा मला घेऊन झऱ्यावर जायचीच. नळाच्या पाण्यात घेवडा नीट शिजत नाही, असे तिचे म्हणणे होते. मला वाटते, तिला चालायला आवडायचे आणि घेवड्याचे ते निमित्त होते. त्या काळात माझे कौतुकही पुष्कळ झाले. आमच्याकडे कोणी मोठ्या कामासाठी घराबाहेर पडले की त्याच्या पुढ्यात उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखे सरळ वाहत जावे म्हणून. रुसाची मुलगी झोर्नित्सा परीक्षेला निघाली, तेव्हा रुसाने माझ्या तोंडात लाल फूल खोचून मला उंबऱ्यावर उपडे केले होते. वल्कोच्या बायकोने, किनाने, मुलगा परदेशी कामाला निघाला तेव्हा मलाच मागून नेले होते.

रुसाला इस्पितळात नेले तेव्हा गाडी घाईघाईत आली आणि पाणी ओतायचे राहून गेले. त्यानंतर मिंचो माझ्याकडे पाहायचा तेव्हा मला वाटायचे, हा मलाच दोष देतो आहे.

रुसा गेल्यानंतरचे चाळिसाव्या दिवसाचे जेवण झाले, पाहुणे गेले. फाटकावर रुसाच्या मृत्यूची खबर देणारा, तिचा फोटो छापलेला कागद तेवढा उरला. मिंचो चुलीजवळच्या बाकावर बसला आणि बसूनच राहिला. त्याने दाढी करणे सोडले. परसातल्या ढोबळ्या मिरचीची रोपे आडवी पडली, ती त्याने बांधली नाहीत. भाकरी कोरडी खायची, तीही आठवण झाली तर. मी फळीवर कोरडी पडून हिरवी होत चालले. झोर्नित्सा शहरातून आली की मला हातात घेऊन फिरवून पाहायची. ही मला नेऊन माझ्यात छत्र्या ठेवणार, असा माझा संशय होता.

पण एकदा ती आली ती मला पाहायला नाही. बापाला तिने मंगळवारी गावात येणाऱ्या डॉक्टरकडे ओढत नेले. परत आल्यावर स्वयंपाकघरात दोघांचे भांडण झाले, त्यातून मला सगळे समजले. डॉक्टर म्हणाला होता की वय झालेला माणूस हातपाय हलवायचे सोडून बसून राहिला की उदासी त्याला लवकर गाठते, म्हणून रोज चालत जा. बरे वाटेल असे लिहून देत नाही, पण चालणाऱ्याला गाठायला तिला जड जाते. औषध न देता परत पाठवणारा डॉक्टर मला तरी भरवशाचा वाटला नाही. मिंचोलाही वाटला नाही.

"चालू कुठे?" तो मुलीला म्हणाला. "शेत विकलं. बकरी नाही. दुकान समोर आहे."

"बाबा, नुसतं चालायचं. कुठे जायचं नाही."

"नुसतं कोण चालतं?"

त्याचे बरोबर होते. आमच्या गावात नुसते कोणी चालत नाही. माणूस चालतो तो कुऱ्हाड घेऊन, टोपली घेऊन, नाहीतर बकरीच्या मागे. तरी मुलीचे मन राखायला दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने बाहेर पडला. पहिल्याच फाटकातून कोणीतरी विचारले, "काय हरवलं रे, मिंचो?" पुढच्या फाटकातूनही तेच. त्यांनी सहज विचारले होते. आमच्याकडे रिकाम्या हाताने फिरणाऱ्याला हेच विचारतात. मिंचो चर्चच्या कोपऱ्यावरून मागे फिरला आणि पुन्हा बाकावर बसला.

सकाळी उठून त्याने मला फळीवरून काढले.

त्या दिवशी आम्ही झऱ्यावर गेलो. कोणी काही विचारले नाही. हातात कळशी असली की माणसाला काम आहे, हे गावाला लांबूनच दिसते. चढावर तो दोनदा थांबला. परतताना माझी कडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. दुसऱ्या दिवशीही गेलो. मग रोजच जाऊ लागलो. माझी हिरवट पुटे निघाली. त्याने मिरचीची रोपे बांधली, दाढी केली, आणि एकदा अख्खा वाडगाभर घेवडा खाऊन भांडे पावाने पुसले.

मला मात्र आतून शंका खात होती. एकटा माणूस, त्याला पाणी लागते किती? मी जवळजवळ भरलेलीच राहायची. रोज सकाळी बूट घातले की तो मला उचलायचा, दार उघडायचा आणि सगळे चांगले पाणी उंबऱ्यावर ओतून द्यायचा. मग रिकामी मला घेऊन झऱ्याकडे निघायचा. मला वाटले, माझ्यातले पाणी बिघडते आहे का? की याचेच डोके बिघडले?

संशय घेणारी मी एकटी नव्हते. समोरून किना पाहत होती.

किना रुसाची जिवाभावाची मैत्रीण. तिला मिंचोच्या दारातला उंबरा रोज सकाळी ओला दिसायचा. आमच्याकडे सकाळी उंबरा ओला, याचा अर्थ एकच. त्या घरातून कोणीतरी निघाले, आणि नुसते झऱ्यावर जाणाऱ्यासाठी पाणी ओतत नाहीत. आणि रोज निघते, तर रोज येतही असणार. किनाने मनातल्या मनात हिशेब जुळवला. एवढे पाणी लागते, दाढी रोज गुळगुळीत, आणि फाटकावरचा रुसाचा कागद अजून पावसाने फिका झालेला नाही. दुकानासमोरच्या बाकावर तिने हे सांगितले. बायकांनी मिळून बाईसुद्धा ठरवून टाकली, खालच्या आळीतली विधवा साब्का. त्या बिचारीला याचा पत्ताही नव्हता.

आम्ही झऱ्यावर पोचलो की बोलणे थांबू लागले. बायका माझ्याकडे अशा पाहायच्या, जणू मीच कोणाला तरी पोटात लपवून आणते आहे. एके दिवशी दुकानासमोरून जाताना वल्कोने हाक मारली. वल्कोची लाकडाची वखार बंद झाल्यापासून तो त्या बाकावरून फारसा उठत नसे.

"मिंचो, पाणी फार लागतं रे तुला. पाहुणीला अंघोळीला कढत लागतं की कोमट?"

बाक हसला. मिंचोचे कान लाल झाले. त्याची मूठ माझ्या कडीवर घट्ट झाली आणि तो तसाच पुढे निघाला. बोलणार काय? घरात बाई आहे असे म्हटले, तर गाव द्राक्षांच्या तोडणीपर्यंत हसेल आणि विसरेल. उदासी लागली आहे, डॉक्टरने चालायला सांगितले आहे, असे म्हटले तर डोक्याने गेलेला मिंचो म्हणून त्याची गोष्ट नातवंडांना सांगतील. या दोन्हींपेक्षा त्याला गप्प राहणे हलके वाटले.

दुसऱ्या सकाळी त्याने बूट घातले, मला उचलले, दार उघडले. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. मिंचोने मला खाली ठेवले. दार लावले. बूट काढले.

मग मी भरलेलीच राहिले. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दाढी वाढली. घेवडा भिजत टाकलेला तसाच राहून त्याला मोड आले. झोर्नित्साचा फोन वाजून वाजून बंद होई, तो उचलत नसे. माझ्या पाण्यावर धूळ साचली. पूर्वी त्याच्या हाताला मी जड लागायची. आता त्याला स्वतःचा हातच जड झाला होता. हा या बाकावरून पुन्हा उठणार नाही, अशी भीती मला वाटू लागली, आणि ती भीती संशयासारखी नव्हती. तिला पुरावा लागत नव्हता.

उंबरा कोरडा राहिल्यावर किनाला वेगळीच शंका आली. बाई आता जातच नाही, म्हणजे राहायलाच आली. तिने चीज भरलेली गरम बनित्सा ताटात घेतली, वर फडके झाकले आणि आली. ती बनित्सा काही द्यायला आणलेली नाही, हे मला दारातच कळले. तिची नजर आधी खुंटीवर गेली, मग पलंगाखाली, मग मोरीत. मोरीत कप एकच होता. मग तिला मिंचो नीट दिसला, आणि ताट टेबलावर ठेवायचे विसरून ती ते तसेच धरून उभी राहिली.

"भाऊजी, हे काय करून घेतलंत?"

तिने माझ्यात डोकावून पाहिले.

"आणि हे पाणी असं नासवताय? रोज जात होतात ना झऱ्यावर?"

"भरलेली आहे ना कळशी," मिंचो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी बोलल्यामुळे त्याचा आवाज घोगरा झाला होता. "भरलेली कळशी घेऊन माणूस कुठे जाणार, किनावहिनी? रिकामी केली की जाता येतं. गेलो नाही तर हे असं होतं."

किनाने हातातल्या ताटाकडे पाहिले. उंबरा का ओला असायचा, हे तिला तेव्हा समजले, आणि तिच्याबरोबर मलाही. मग ती हळूच म्हणाली, "आमच्या घरात कप दोन आहेत. पण वखार बंद झाल्यापासून बोलणारी मी एकटीच आहे."

तिने ताट ठेवले, मला उचलले, मागच्या दाराने परसात नेले आणि सगळे पाणी मिरच्यांना घातले. येऊन मला त्याच्या पायांपाशी आपटले.

"पाणी संपलंय. उठा."

तो उठला. लगेच नाही, पण उठला. बूट घालायला त्याला फार वेळ लागला आणि किनाने नाड्या बांधायला हात पुढे केला नाही.

गावात तिने उठवले की मिंचोच्या घरचा नळ गंजला आहे, त्या पाण्याने त्याचे पोट बिघडते. पसरवायला किनासारखी दुसरी कोणी नाही, त्यामुळे साब्का एका दुपारीत त्या बदनामीतून सुटली. फक्त वल्को नळ दुरुस्त करायला पाना घेऊन निघाला, तेव्हा किनाची तारांबळ उडाली. तिने त्याला फाटकातच अडवले. आपला नळही त्याच पाइपावर आहे, आपलेही पाणी खराब आहे, आधी झऱ्याचे पाणी आण, असे म्हणून तिने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि प्लास्टिकचा निळा कॅन दिला.

तेव्हापासून झऱ्यावर आम्ही चौघे जातो, मिंचो, वल्को, मी आणि तो कॅन. प्लास्टिकवर माझा विश्वास नाही. वल्को चढावर शिव्या घालतो, मिंचोला म्हातारा म्हणतो आणि स्वतः आधी बसतो. मिंचो काही दिवस बरा असतो, काही दिवस नसतो. नसतो त्या दिवशी वल्को फाटकावर कॅन बडवतो. वल्को बरा नसतो त्या दिवशी मिंचो त्याच्या फाटकावर माझी कडी वाजवतो.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवायला अर्धे लिंबू आणि चिमूटभर मीठ पुरते. माणसाला तेवढे पुरत नाही. तुमच्या गल्लीतही कोणी वयस्क माणूस उगाच पिशवी घेऊन चक्कर मारत असेल, रोज त्याच दुकानात एकच वस्तू आणायला जात असेल. त्याच्या पिशवीत डोकावू नका. त्याला जाऊ द्या. आणि तो जायचा थांबला, तर मात्र त्याच्या घरी जा, हातात काही असो वा नसो.

दोन्ही घरांचे नळ ठीक आहेत. मिंचोला ते माहीत आहे, वल्कोलाही माहीत आहे. दोघांनी ते अजून एकमेकांना सांगितलेले नाही.