मटकीचा पाचवा दिवस

तिसरीच्या वर्गात पालकांसमोर प्रयोग दाखवायची वेळ आली, तेव्हा स्नेहलची वाटी रिकामी होती. मोड आलेल्या मटकीची आत्याने सकाळीच मिसळ करून टाकली होती.

"मला काय म्हाईत त्यो अभ्यास हाय म्हणून? मोड झ्याक आलतं की!" मागच्या बाकावरून आत्या म्हणाली. सगळे हसले.

स्नेहलने मान खाली घालून वही वाचली. मटकी भिजली, फुगली, साल फाटली, शेपटी फुटली. पाचवा दिवस कोरा होता.

"जे घडलं ते लिही, बाळ," चौगुले बाई म्हणाल्या. "नोंद म्हणजे तेच."

स्नेहलने उभ्यानेच लिहिलं आणि मोठ्यांदा वाचलं, "पाचव्या दिवशी मटकी तिखट लागली. प्रयोग करणारीने दोनदा वाढून घेतली. मटकी कुठली, ते तिला नंतर कळलं."