सातव्या गल्लीतल्या पोरी, भाग चार

माहेरी धुळ्याला गेलं की माझी आई पहिल्या पाच मिनिटांत माझ्या सासरच्या, म्हणजे जळगावच्या, सगळ्या गोष्टींना नावं ठेवते. आमची वांगी तेवढी सोडते. आईचं नाव धुरपदाबाई, पण देवपुरातली अख्खी कॉलनी तिला अक्काच म्हणते, आणि आम्हीही. या श्रावणात मात्र कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणासाठी चार दिवस आधी गेले, तर अक्काला नावं ठेवायला सवडच नव्हती. ती नातीचं कौतुक करण्यात गुंतली होती.

"मनी मेघा सोमवार करस, शनिवार करस, चतुर्थी करस. पंधरा वरीसनी पोर! तू कधी करा का वं?"

मी केले होते की. साबुदाण्यासाठी.

मेघा माझ्या भावाची, योगराजची मुलगी. ती दारात आली तेव्हा श्रावणातल्या उकाड्यात तिच्या अंगात स्वेटर होता. मिठी मारली तर तिचे खांदे माझ्या हाताला टोचले. जेवताना ती सगळ्यांना वाढत राहिली, स्वतः बसलीच नाही.

"आज बुधवार. बुधवारी कसला उपास गं?" मी विचारलं.

"बुध-बृहस्पती," अक्कानेच अभिमानाने सांगून टाकलं.

श्रावणात शोधणाऱ्याला रोज एक व्रत सापडतं. घरातल्या कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. उलट वहिनी शेजारणींना सांगत होती की आमच्या मेघाला तोंडावर ताबा आहे. मला मात्र भीती वाटली. भक्ती करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर थोडं तरी समाधान असतं. ही पोर कुणीतरी पाठलाग करत असल्यासारखी वावरत होती.

दुसऱ्या दिवशी कानबाईची पितळी भांडी काढायला माळ्यावर चढले, तर कोपऱ्यातल्या पेटीत माझी जुनी पुस्तकं निघाली. 'सातव्या गल्लीतल्या पोरी'चे सगळे भाग! चार मैत्रिणी, दोन सायकली आणि दर भागात एक चोर. लहानपणी ती मला पाठ होती. अपवाद एकच, भाग चार. त्यात चोर नव्हता, म्हणून तो आम्हाला कंटाळवाणा वाटायचा. त्यात वासंती नावाची पोरगी जेवण सोडते, एवढंच.

भांडी तशीच ठेवून मी तो भाग तिथेच बसून वाचून काढला, आणि माझं डोकं फिरलं. वासंती हळूहळू कशी सुकत जाते, मैत्रिणींशी कशी तुटक वागते, हे सगळं लेखिकेने बरं लिहिलं होतं. आणि शेवट? मैत्रिणी भेळ आणतात, वासंती रडते, भेळ खाते आणि पुढच्याच पानावर सायकलची शर्यत जिंकते! इतकं सोपं असतं तर दवाखाने पाडून भेळेच्या गाड्याच लावल्या असत्या.

तरीही ते पुस्तक मी मेघाच्या हातात ठेवलं. सरळ विचारलं असतं तर तिने उपासच पुढे केला असता. "वाच आणि कसं वाटलं ते सांग," एवढंच म्हणाले.

दुपारी मी गच्चीवर कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी धुतलेले गहू पसरत होते. मेघा तणतणत वर आली आणि पुस्तक कठड्यावर आपटलं.

"आत्या, हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"भेळ खाल्ली की बरं होतं म्हणे! असं नसतं. डोक्यात सतत कुणीतरी भांडत असतं. खाल्लं तरी भांडतं, नाही खाल्लं तरी भांडतं. ह्या बाईला काही माहीतच नाही."

"मग पुस्तकातलं खरं काहीच नाही?"

तिने पुस्तक परत उचललं. "मैत्रिणी खऱ्या आहेत. वासंती हाकलते तरी त्या रोज येऊन ओट्यावर बसतात. मी पुनमला एकदाच हाकललं, तर ती परत आलीच नाही."

मग आपण काय बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं आणि ती कठड्याला टेकून खाली बसली. मी गव्हाचे हात पदराला पुसून तिच्याजवळ गेले.

"आधी उपासच होते गं," ती रडत म्हणाली. "आता सोडताच येत नाहीत. पण अक्काला सांगू नकोस. तिला माझं एवढं एकच आवडतं."

"हे मी लपवणार नाही, मेघा. डॉक्टरांकडे जावं लागेल. अक्काला तू सांग, नाही तर मी सांगते. कानबाईपर्यंत थांबते."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. पोरीचा विश्वास गमावला की काय, या विचाराने माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पुनमला मात्र मी फोन केला.

रविवारी कानबाई बसली. रोटांचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मुठीमुठीने घेतात. ते रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेली लेकही परकीच. म्हणून मी भिंतीशी वेगळं ताट घेऊन बसले होते, आणि मेघा समोर पंगतीत. आज कुठलंही व्रत तिच्या मदतीला येणार नव्हतं.

"खा वं," अक्का म्हणाली. "रोट ते खावाच लागतस. तुना नावनी मूठ शे त्यामा."

मेघाने हात ताटावरून मागे घेतला. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "अक्का, ते उपास देवाचे नव्हते. मला जेवताच येत नाही. मला खूप भीती वाटते."

योगराजच्या हातातला घास हातातच राहिला. वहिनी रडायला लागली.

"माले काबर नही सांगं?" अक्काने विचारलं.

"तू कौतुक करायचीस ना."

अक्का उठली, मेघाच्या ताटातला रोट उचलून स्वतःच्या ताटात घेतला आणि म्हणाली, "कानबाईले मी समजाडसू. तू रडू नको."

कानबाईला निरोप दिल्यावर योगराज आणि वहिनी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, बरं व्हायला वेळ लागेल, थोडं थोडं पण ठरल्या वेळी खायचं, मनाच्या डॉक्टरांनाही भेटत राहायचं, आणि उपास पूर्ण बंद. पुनम आता संध्याकाळी येऊन बसते. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी भांडल्या. मला ते भांडण फार गोड वाटलं.

मी रजा वाढवली. पुढच्या सोमवारी सकाळी वहिनीने मेघापुढे भाकरी आणि मुगाची भाजी ठेवली. मेघा ताटाकडे नुसती बघत होती. अक्का देवघरातून आली आणि तिच्याशेजारी पाट ओढून बसली.

"माले बी वाढ," ती सुनेला म्हणाली.

आम्ही चमकलो. श्रावणी सोमवार अक्काने लग्नाआधीपासून एकदाही मोडला नव्हता. माझ्या बाळंतपणातही ती उपाशीच दवाखान्यात बसली होती.

"अक्का, तुझा सोमवार आहे," मेघा घाबरून म्हणाली.

"महादेव माले वळखस. तो वाट दखी," अक्का म्हणाली, आणि पहिला घास तिने स्वतः खाल्ला.

मेघाने भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडात जायला बराच वेळ लागला, तोवर अक्काने दुसरा घास घेतला नाही.